पिवळा रंग, बडोद्याचं पाणी आणि ‘घरगुती’ नावाचा एक शब्द

बडोद्यात रंगाच्या कारखान्यांचा विषय निघाला की सगळे थेट नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीवर आणि तिथल्या मिनी नदीच्या प्रदूषणावर जातात. ते चूक नाही, पण सुरुवात डब्यातल्या रंगापासून, म्हणजे त्यातल्या शिशापासून केली तर पुढचं नीट कळतं.

जुनं थोडक्यात सांगतो. शिसं आपल्याकडे कारखान्यांच्या फार आधीपासून आहे, मारुतीला फासायचा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, आणि रंगाऱ्यांचा जुना सफेदाही शिशाचाच, नंतर जस्ताचा आला तरी नाव तेच राहिलं. तेव्हा सगळा चिमटी-वाटीचा कारभार होता. १९६५ ला कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खत, पेट्रोकेमिकल, मग जीआयडीसीच्या (गुजरातचं औद्योगिक विकास महामंडळ) शेड, आणि एवढ्या लोखंडाला गंजापासून वाचवायला प्रायमर आणि इनॅमल बादल्यांनी लागायला लागलं.

शिशाच्या रंगांत सगळ्यात त्रासदायक म्हणजे क्रोम यलो, रंगात घालायची पिवळी पावडर. शिसं किंवा मुरदाडशिंग (हेही शिशाचंच ऑक्साइड) नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचं, त्यात सोडियम डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) सोडायचं, की पिवळाधमक साका खाली बसतो, तो फिल्टर प्रेसमध्ये दाबून धुवायचा. या साक्यात वजनाने ६४ टक्के शिसं आणि १६ टक्के क्रोमियम असतं. मी कॉलेजच्या सुट्टीत मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये दीड महिना हिशेब लिहायला जायचो, तिथे प्रेसचं कापड बाहेर फरशीवर पाइप लावून धुवायचे आणि ते पाणी गटारापर्यंत हळदीच्या रंगाचं जायचं, पावसाळ्यात तर अख्खा वाडा पिवळा. आईला वाटायचं मी रोज कुणाच्या तरी हळदीला जाऊन येतो. तेव्हा हिशेब कळत नव्हता, आता करून बघा: एक ग्रॅम क्रोम यलोमध्ये ६४० मिलिग्रॅम शिसं, नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर पावडरीला ६,४०० लिटर पाणी लागेल. आणि पाणी घालून पातळ करणं हा काही उपाय नव्हे.

दोन्ही धातूंची चाल वेगळी आहे. शिसं मातीला चिकटतं, वरच्या थरात बसून राहतं, पन्नास वर्षांनीही तिथेच सापडतं. सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे डायक्रोमेटमध्ये असतं ते, मात्र पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीला, बोअरला लागतं. डायक्रोमेट तयार करताना जो कचरा उरतो त्याचे ढीग शहराला लागूनच, गोरव्यात पडले होते आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, पण रंगाची चर्चा करताना ते कुणी जोडून बघत नाही, जसं काही डायक्रोमेट आकाशातून पडतं.

१९८३ ला कारखान्यांच्या सांडपाण्याचा चॅनल सुरू झाला, पादरा-जंबुसर बाजूने पन्नासेक किलोमीटर जाऊन खंभातच्या आखाताजवळ रिकामा होणारा. मही नदी वाचवायला म्हणून कल्पना चांगलीच होती, फक्त वाटेतल्या गावांचं काय हा प्रश्न तेव्हाही होता. काही शेतकरी त्यातलंच पाणी उपसून शेताला द्यायचे. आणि सरकारी तक्त्यात शिशाची मर्यादा नदीसाठी ०.१ आणि समुद्रासाठी २ मिलिग्रॅम आहे, वीस पट!

आता तो ‘घरगुती’ शब्द. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर गेलं, रंगातल्या शिशाला मात्र कायदा यायला १ नोव्हेंबर २०१६ उजाडावं लागलं, आणि अंमल त्याच्यानंतर वर्षभराने. आधी १००० पीपीएमचं (दहा लाख भागांत हजार भाग शिसं) जे मानक होतं ते ऐच्छिक, पाळलं तर पाळलं. नव्या नियमात ९० पीपीएम, जगातल्या कडक मर्यादांपैकी एक, पण फक्त ‘घरगुती आणि सजावटीच्या’ रंगांना. या मर्यादित नियमाच्या बाजूने सांगितलं जातं की मुलं भिंत आणि खिडकी चाटतात, पुलाचा गर्डर चाटत नाहीत, शिवाय गंजरोधक रंगाला पर्याय महाग पडतो. ठीक आहे, पण मग घराचं लोखंडी फाटक कशात? हार्डवेअरच्या दुकानात ‘इंडस्ट्रियल’ लिहिलेला डबा कुणालाही मिळतो आणि फॅब्रिकेटर तोच ग्रिलला मारतो. शेकडा दहा भाग क्रोम यलो घातलेल्या रंगात शिसं ६४,००० पीपीएमच्या आसपास जातं, कुठे ९० आणि कुठे हे. माझ्या मते खरी गोची अजून वेगळी आहे. हा नियम डब्यात काय आहे ते मोजतो, डबा भरताना काय सांडलं ते मोजत नाही. बॉल मिल (रंग दळायचं यंत्र) आणि मिक्सर धुतलेलं पाणी, तळाचा गाळ, पिगमेंटच्या, म्हणजे रंगाच्या पावडरीच्या, रिकाम्या गोण्या, हे सगळं घातक कचऱ्याच्या नियमात येतं, तिथे रंग-पिगमेंटच्या गाळाला वेगळी नोंद आहे, म्हणजे दुसरी फाइल, दुसरं टेबल. घरगुती रंगातून शिसं काढलं की कारखाना स्वच्छ झाला असं धरून चाललेली बरीच भाषणं मी ऐकली आहेत.

२२ फेब्रुवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाने, बडोद्यातल्याच एका संघटनेच्या याचिकेवर, सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही असं सांगितलं आणि तीन महिने दिले. प्लांट बसले बरेच, चुना-तुरटी टाकून धातू खाली बसवायचा, पाणी पुढे, गाळ लँडफिलला.

मातीचा विषय त्यातही मागेच होता. दूषित जागांसाठी वेगळे नियम आले ते थेट जुलै २०२५ मध्ये, त्यात आधी जागा शोधायची, तपासायची आणि मग ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा असं आहे. मी ज्या शेडमध्ये जायचो ती दोनदा विकली गेली, आता तिथे फर्निचरचं गोडाऊन आहे आणि पिवळ्या फरशीवर नवीन कोबा टाकलाय.