नावेची राखण (कृष्णा-कोयना खोरे)

घाटाला बांधलेल्या किंवा पाण्यात नांगरलेल्या नावेत परक्या माणसाने शिरू नये, ती सोडून नेऊ नये आणि तिच्यातील वल्ही, दोर, इंजिन, इंधन चोरीला जाऊ नये, यासाठी केली जाणारी व्यवस्था. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती मुख्यतः सांगली, हरिपूर, औदुंबर यांसारख्या कृष्णाकाठच्या घाटांवर आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयावरील तापोळा व बामणोली येथे पाहावयास मिळते. बंदरातील भरती-ओहोटी आधी ठाऊक असते. कृष्णेचे पाणी मात्र पावसाळ्यात एका रात्रीत कित्येक फूट चढते. त्यामुळे चोरापासून नाव जपण्याचे उपाय व पुरापासून ती जपण्याचे उपाय एकमेकांच्या आड येतात, आणि या खोऱ्यातील राखणीचे वेगळेपण प्रामुख्याने यातच आहे.

नावा ठरावीक घाटांवरच ठेवाव्यात, या नियमाचा एक जुना उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, नावध्यक्षाच्या (नावांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) प्रकरणात येतो. राजाचे वैरी नदी उतरून जातील या भयाने नावांना घाट नेमून द्यावेत, आणि अवेळी किंवा घाट सोडून नदी ओलांडणाऱ्यास पूर्वसाहस दंड (साहसदंडांपैकी सर्वांत खालच्या दर्जाचा) करावा, असे तेथे सांगितले आहे. कोळी, लाकूड व गवत वाहणारे, बागवान आणि गुराखी यांना या दंडातून वगळले आहे, म्हणजे काठावरच्या रोजच्या वापराला धक्का लागू नये याची काळजी ग्रंथकाराने घेतलेली दिसते. मोठ्या नावेवर नेमावयाच्या माणसांत दोर सांभाळणारा आणि आत आलेले पाणी उपसणारा यांचाही स्वतंत्र निर्देश आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित 1905 मध्ये म्हैसूरचे संस्कृत पंडित शामशास्त्री यांच्या हाती आले व 1909 मध्ये ते छापले गेले. त्याच्या काळाविषयी मात्र एकमत नाही. ग्रंथाचे अभ्यासक कंगले यांनी तो मौर्यकालीन कौटिल्याचाच मानला. दुसरे अभ्यासक ट्राउटमन यांनी 1971 मध्ये शब्दांच्या वारंवारतेच्या आधारे तो एकाहून अधिक हातांचा असल्याचे प्रतिपादन केले, आणि संस्कृततज्ज्ञ ऑलिव्हेल यांच्या मते त्याची रचना इसवी सनाच्या आगेमागे थराथरांनी झाली. हे शेवटचे मत अधिक सयुक्तिक वाटते. काळ कोणताही धरला, तरी हा नियम कृष्णाकाठाविषयी नाही, आणि आजच्या साखळी-कुलपाचा उगम थेट त्यात शोधणे धाडसाचे ठरेल.

त्यापेक्षा तरीच्या (उतारूंना नावेने नदीपार नेण्याच्या सेवेच्या) मक्त्याची, म्हणजे ठेक्याची, पद्धत आजच्या राखणीला अधिक जवळची आहे. ब्रिटिश मुलखातील तरींचे नियमन मुंबई इलाख्याच्या 1868 च्या तरी व अंतर्देशीय जलयान अधिनियमाने होत असे. सांगली संस्थान ब्रिटिश मुलखाबाहेर असल्याने तेथील घाटांना तो आपोआप लागू नव्हता. मक्तेदाराचे उत्पन्न उतारूंच्या पैशावर असल्याने रात्री कोणी परस्पर नाव हाकारणे हे त्याचे सरळ नुकसान होते, आणि वल्ही काढून घरी नेण्याच्या सवयीचे कारण चोरीच्या भयाइतकेच या हिशेबातही असावे. सांगलीचा कृष्णेवरील आयर्विन पूल 1929 मध्ये झाल्यावर तेथील तरीचे महत्त्व ओसरले.

लाकडी नावेच्या नाळेजवळ (पुढच्या टोकाजवळ) आरपार बसवलेल्या लोखंडी कडीत साखळी ओवून तिचे दुसरे टोक घाटाच्या दगडातील कडीला, झाडाच्या बुंध्याला किंवा खोल ठोकलेल्या पहारीला अडकवतात. कुलूप कोणत्या टोकाला लावायचे, हा येथे कळीचा प्रश्न आहे. काठाकडचे कुलूप चढत्या पाण्यात बुडते व गढूळ प्रवाहात हाताला लागत नाही. नाळेकडचे कुलूप नावेबरोबर वर येते. साखळी आखूड असेल तर पाणी वाढताना नाळ खाली ओढली जाऊन नाव भरते. फार लांब असेल तर नाव पायऱ्यांवर आपटत राहते. म्हणून पावसाळ्यात साखळी सैल ठेवून तिच्या जोडीला मागच्या बाजूने दोर बांधणे आणि किल्ली घाटाजवळ राहणाऱ्या माणसाकडे ठेवणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग ठरतो. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा पातळी व 45 फुटांवर धोका पातळी धरली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपलीकडे गेले. एवढ्या पुरात काठावरची कोणतीही मेख भरवशाची राहत नाही, तेव्हा नाव आधीच उंचावर ओढून घेणे श्रेयस्कर. उसाच्या पट्ट्यात नदी उतरण्यासाठी वापरली जाणारी गुळाची काहील (उसाचा रस आटवण्याची मोठी पसरट कढई) याबाबतीत सोयीची, कारण ती उचलून घरी नेता येते.

शिवसागरावर अडचण उलटी आहे. पावसाळ्यानंतर जलाशयाची पातळी उतरत जाते आणि काठ दूर सरकतो, त्यामुळे बांधण्याची जागा वारंवार बदलावी लागते. वासोटा किल्ल्यास जाणाऱ्या बोटी बामणोलीहून सुटतात. तो किल्ला 1985 मध्ये घोषित झालेल्या कोयना अभयारण्यात असल्याने तेथे मुक्काम करता येत नाही. साहजिकच बोटी संध्याकाळपर्यंत परततात व रात्री एकत्र उभ्या राहतात, ही राखणीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. बाहेर बसवलेले इंजिन असल्यास ते बोटीला घट्ट धरणाऱ्या पकडस्क्रूंना कुलूप घालतात किंवा इंजिनच उतरवून घेतात. इंधनाची टाकी व नळी काढून नेल्यास बोट सहसा कोणी हलवू शकत नाही.

कायद्याच्या दृष्टीने उघडी होडी व राहती नौका यांत फरक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार गृह-अतिक्रमणाची व्याख्या माणसाच्या राहण्यासाठी वापरात असलेल्या जलयानाला लागू होते, साध्या होडीला नाही. चोरीबाबत मात्र संरक्षण वाढले आहे. कलम 305 मध्ये प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या साधनाची, तसेच शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेची चोरी यांस सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तरीची नाव आणि पूरग्रस्त गावातील ग्रामपंचायतीच्या मालकीची बोट या दोन्ही त्यात बसतात. एकट्या मासेमाराच्या होडीची चोरी सामान्य चोरीतच मोडते.