छप्पर जुनं असलं तरी खोलीला परवानगी लागतेच

मालवणपासून गुहागरपर्यंत एक समज पक्का आहे: गाडीसाठी पत्र्याची शेड आधीच उभी आहे, छप्पर आपलं, जमीन आपली, तीन बाजूंनी चिरे लावून खोली केली तर कुणाला विचारायचं? वर ग्रामपंचायतीनं घरपट्टी लावली की झालंच कायदेशीर.

दोन्ही चूक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ म्हणजे फक्त नवं बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरातला मोठा बदलही त्यात येतो. गाडीची जागा राहण्याची झाली, तर हाच बदल होतो. शिवाय ती जागा चटईक्षेत्रात, म्हणजे बांधकामाच्या एकूण हिशेबी क्षेत्रफळात, मोजली जाऊ लागते. विनापरवाना काम केल्यास कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २००० ते ५००० रुपये दंड आहे. पाडकामाची नोटीस वेगळी.

घरपट्टी हा केवळ कर आहे. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या यादीत, नोंद झाली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

आपल्याकडे खरी अडचण किनाऱ्याची. सीआरझेड-३ म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातला ग्रामीण भाग; त्याच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी होते, पण असलेलं जोतं (पायाचं क्षेत्र) आणि चटईक्षेत्र न वाढवता. खाडीकाठालाही नियम आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसतं. होमस्टेसाठी कर्ज काढून चिरे उतरवण्याआधी परवानगी देणाऱ्या कार्यालयात मूळ मंजूर नकाशा दाखवा, आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.