महागड्या टूरर बाईकचं सस्पेन्शन आपल्या रस्त्यांवर आधी कुठं थकतं

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनची बाईक घ्यायची म्हटलं की आपल्या सातारा-सांगलीकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे सगळं वायरिंग न सेन्सर आपल्या खड्ड्यांत टिकणार का? प्रश्न रास्तच आहे, एवढे पैसे घालणारा माणूस विचारणारच. पण माझं मत असं आहे की या गाड्यांत कॉम्प्युटर क्वचितच आधी जातो. आधी थकतं ते ऑइल आणि सील, म्हणजे शंभर सीसीच्या गाडीत जे थकतं तेच, आणि वर मागच्या शॉकअपमधला गॅस. आणि खरी पंचाईत पुढं आहे, कॉम्प्युटर चांगला असेल तर हे थकणं तो बरेच दिवस जाणवूच देत नाही.

आधी मूळ गोष्ट बघू. सस्पेन्शनमध्ये कामं दोन आणि ती करणारे पण दोन. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि हादरा बसला की दबून ती ऊर्जा साठवते, पण साठवलेलं ती लगेच परत पण करते, त्यामुळं नुसती स्प्रिंग असेल तर गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ झुलत राहील. ते झुलणं मारायचं काम डॅम्परचं. त्यात पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक वाटांतून आणि पातळ पोलादी चकत्यांखालून जबरदस्तीनं जातं आणि हादऱ्याची ऊर्जा तेलाची उष्णता बनते. दुसरीकडं कुठं जायला तिला जागाच नाही.

आता रस्ता. बाईकचं वरचं वजन, म्हणजे इंजिन, टाकी, तुम्ही, मागं बसलेलं माणूस आणि डिकीतलं सामान, हे सगळं स्प्रिंगवर साधारण सेकंदाला दीड ते दोन वेळा झुलतं. चाक मात्र हलकं, ते सेकंदाला 10 ते 15 वेळा थडथडतं. पुणे-बेंगळुरू हायवेला ताशी 80 नं म्हणजे सेकंदाला साधारण 22 मीटर जाताना रस्त्याला 11 मीटरची लांब लाट असेल, पुलाच्या तोंडाशी असते तशी, तर ती सेकंदाला दोनदा येते आणि अख्खी गाडी डोलायला लागते. आणि ताशी 60 नं जाताना वळणाआधी डांबराला दीड-दीड मीटरवर वळ्या पडलेल्या असतील, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या ब्रेक मारून मारून पाडतात त्या, तर त्या सेकंदाला 11-12 वेळा येतात आणि चाक रस्ता सोडून उड्या मारतं. पहिल्याला डॅम्पर कडक पाहिजे, दुसऱ्याला मऊ. साध्या सस्पेन्शनमध्ये स्क्रू फिरवून एकच काहीतरी ठरवायचं आणि दिवसभर तेच सोसायचं.

इथं इलेक्ट्रॉनिक्स कामाला येतं. 2004 ला बीएमडब्ल्यूनं के 1200 एस वर बटणानं सेटिंग बदलायची सोय दिली, डुकाटीनं 2010 च्या मल्टिस्ट्राडा 1200 मध्ये ओहलिन्स या सस्पेन्शन कंपनीच्या सस्पेन्शनवर तशीच दिली, पण त्यात तुम्ही बटण दाबाल तेव्हाच काहीतरी बदलायचं. चालता चालता आपणहून बदलणारं सस्पेन्शन टूरर गाड्यांत 2013 ला आलं, डुकाटीच्या मल्टिस्ट्राडावर सॅक्स कंपनीचं स्कायहुक आणि बीएमडब्ल्यूच्या आर 1200 जीएस वर डायनॅमिक ईएसए, ही त्या सिस्टिमची नावं. यामागची कल्पना 1970 च्या दशकातली, डीन कार्नॉप नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं सहकाऱ्यांबरोबर मांडलेली, आणि मला ती फार सुंदर वाटते. ते म्हणाले, समजा गाडीचं वरचं अंग एका डॅम्परनं आकाशाला टांगलंय, मग खाली चाक काहीही करू दे, वरचं अंग शांत राहील. आकाशाला काही टांगता येत नाही, पण नियम तसा लावता येतो. गाडी वर उचलली जातेय आणि सस्पेन्शन उघडतंय, तर डॅम्पर कडक कर, तो गाडीला खाली ओढेल. गाडी वर जातेय पण सस्पेन्शन दबतंय, म्हणजे चाकच तिला ढकलतंय, तर डॅम्पर मऊ कर, चाकाला एकट्याला वर जाऊ दे. सेन्सर हे मोजतात, आणि तेलाच्या वाटेवर बसवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी झडप, काही मिलिसेकंदांत वाट लहान-मोठी करतो. लक्षात घ्या, ही वीज गाडी उचलत नाही, ती फक्त तेलाचा नळ सांभाळते, म्हणून काही वॅटमध्ये काम भागतं. हादरा खायचं कष्टाचं काम अजूनही तेलच करतं.

आणि कष्ट किती? हिशोबापुरतं धरू की मागचा शॉकअप एका हादऱ्याला 4 सेंटिमीटर दबला, 4 सेंटिमीटर उघडला आणि डॅम्परनं सरासरी 800 न्यूटन जोर लावून विरोध केला. 800 गुणिले 0.08 म्हणजे 64 ज्यूल. खराब रस्त्याला असे सेकंदाला 3 हादरे धरले तर 192 वॅट होतात, म्हणजे जुने शंभर वॅटचे दोन बल्ब त्या मनगटाएवढ्या नळकांड्यात सतत पेटलेले. वर शेजारी इंजिन, सायलेन्सर आणि एप्रिलचं ऊन. तेल 40 अंशाला जेवढं घट्ट असतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर ते 100 अंशाला येतं. डॅम्पिंग तेवढ्याच प्रमाणात पडत नाही कारण चकत्यांचा ताणही त्यात असतो, पण पडतं. ही तात्पुरती गोष्ट, गार झालं की परत येतं. कायमचं नुकसान वेगळं. गरम झाल्यावरही तेल पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीची रसायनं असतात, ती बारीक वाटांतून लाखो वेळा दाबली जाऊन तुटतात. ॲल्युमिनियमची झीज तेलात मिसळते. मागच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं सीलमधून हळूहळू निसटतो, मग दाब कमी पडून तेलात बुडबुडे होतात आणि पिस्टन थोडा वेळ नुसताच सरकतो, विरोधच नाही. साताऱ्यात एका गॅरेजला एका टूररचे फोर्क, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या दोन नळ्या, उघडलेले बघितले होते. मेकॅनिकनं तेल ट्रेमध्ये ओतलं तर ते मळक्या करड्या रंगाचं, बोटावर घेतलं की चकाकणारी बारीक भुकटी, आणि वास असा की नाक बाजूला करावं. मालक सांगत होता, डिस्प्लेवर एकदाही काही आलं नाही.

येणार कसं? कॉम्प्युटर तेलाची तब्येत बघत नाही, तो हालचाल बघतो. तेल थकलं, गाडी जास्त झुलायला लागली, की तो व्हॉल्व्ह अजून आवळतो आणि झुलणं काही अंशी झाकलं जातं. वर आपणही हातभार लावतो, पूर्वी मऊ कम्फर्ट मोडला बरी वाटायची ती आता कडक स्पोर्टला बरी वाटते, आणि आपण समजतो आपली आवड बदलली. माझ्या मते हीच खूण धरायची. त्याच रस्त्याला, तेवढ्याच वजनाला जर तुम्हाला पहिल्यापेक्षा कडक मोड लागायला लागला असेल तर सस्पेन्शन उघडायची वेळ झालीय. सस्पेन्शनची कामं करणारे लोक रस्त्यावरच्या वापराला साधारण वीस-तीस हजार किलोमीटरला तेल न सील बदला म्हणतात, आणि आपल्याकडं मी तरी वीसच धरेन.

सीलची गोष्ट तर पूर्ण आपल्या मातीची. यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलात की जांभ्याची लाल धूळ, चाळकेवाडीकडं पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांना तीच, आणि पावसाळ्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे धुळीचा चिखल. फोर्कच्या चकचकीत नळीवर हा चिखल वाळतो, सस्पेन्शन दबलं की सीलच्या ओठाखाली जातो आणि एक कण अडकला की तेवढ्या जागेतून तेल पाझरायला लागतं. नळीवर तेलाची रेघ दिसली की लोक लगेच सील बदलायला धावतात, पण बरेचदा सील फाटलेलं नसतं, फक्त कचरा अडकलेला असतो. जुन्या एक्स-रेची फिल्म पट्टीसारखी कापायची, टोकाला आकडा काढायचा, वरचं धूळ अडवणारं डस्ट सील सोडवून ती मुख्य सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवायची, लाल चिखल बाहेर येतो. त्यानंतरही पाझरलं तर मग बदला. दुर्लक्ष मात्र करू नका, ते तेल ओघळून ब्रेकच्या कॅलिपरवर उतरतं, आणि पसरणी घाटाच्या उतारावर ब्रेक पॅडला तेल लागलेलं असणं म्हणजे जिवाशी खेळ.

इलेक्ट्रॉनिक्सला काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. व्हॉल्व्ह तेलातच बसलेला असतो, तो सहसा टिकतो. त्रास देतात ती कनेक्टर आणि सस्पेन्शनबरोबर सतत वाकणारी वायर. बऱ्याच गाड्यांत स्विंगआर्मजवळ, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली होणाऱ्या हाताजवळ, छोटी दांडी असते, तिच्यावरून मागचं चाक किती वर आलं ते सेन्सरला कळतं, तिच्या सांध्यात चिखल बसला किंवा दगड लागला की चुकीचं माप जातं. वॉशिंग सेंटरवाला जोराचा फवारा नेमका तिथंच आणि कनेक्टरवर मारतो, त्याला लांबून मारायला सांगा. आणि समजा वीज तुटलीच तर बहुतेक सिस्टिममध्ये व्हॉल्व्ह एका ठरावीक जागेवर जातो, दिवा लागतो आणि गाडी साध्या सस्पेन्शनसारखी घरी येते. रस्त्यात उभं राहायची पाळी शक्यतो येत नाही.

स्पोर्टी टूररवाल्यांनी एक वेगळं बघावं. बीएमडब्ल्यूच्या एस 1000 एक्सआर सारख्या गाडीला पुढं 17 इंची चाक आणि सस्पेन्शनला 150 मिलिमीटर चाल, म्हणजे वर-खाली व्हायला जागा, आर 1250 जीएस ला पुढं 19 इंची आणि 190 मिलिमीटर. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं न चाल पण कमी, मग सस्पेन्शन तळाला आपटतं आणि उरलेला मार रिम खाते. तिथं कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, टायरची हवा बरोबर ठेवणं आणि गावाच्या गतिरोधकाला वेग कमी करणं एवढंच.

घ्यायच्या आधी शोरूमला एकच विचारा, शॉकअप उघडून दुरुस्त होतो का? काही गाड्यांचा शॉकअप कंपनी अख्खाच बदलून देते आणि किंमत ऐकून घाम फुटतो. स्वतंत्र सस्पेन्शनवाले त्यातले बरेच उघडून तेल, सील, नायट्रोजन करून देतात, पण सगळे नाही, तेव्हा ते आधीच ठरवा. आणि जुनी गाडी सांगली-मिरजेकडून घेत असाल तर 2019 आणि 2021 च्या पुरात ती पाण्यात होती का ते बघाच. नुसती टाकी न इंजिन बघून उठू नका, सीट काढा, मागच्या शॉकअपची वायर जिथं जोडली आहे ते कनेक्टर सोडवून पिना बघा. हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तांबं खाल्लं गेलंय, आणि मग प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, मोटर दोन्ही टोकांपर्यंत फिरते का तेही तिथंच, मालकासमोर फिरवून बघा.