बॅक्स्टर स्टेट पार्क

बॅक्स्टर स्टेट पार्क : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेन या ईशान्य टोकाच्या राज्यामधील विस्तीर्ण अरण्य-उद्यान. क्षेत्र सुमारे २,०९,००० एकर (जवळपास ८५० चौ. किमी.). अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने संघशासनाकडे, तर ‘स्टेट पार्क’ म्हणून ओळखली जाणारी उद्याने त्या त्या राज्याच्या अखत्यारीत असतात आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी पर्यटकांच्या सोयीला मोठे महत्त्व दिले जाते. बॅक्स्टर उद्यानात मात्र पाहुण्यांसाठी वीज नाही, नळाचे पाणी नाही, दुकान नाही आणि आतला रस्ताही अरुंद व मातीचाच आहे. अरण्य आणि वन्यजीव आधी, माणसाची करमणूक नंतर, हा क्रम उद्यानाच्या दानपत्रांतूनच ठरलेला असून येथील बहुतेक नियमांचे मूळ त्यातच आहे.

उद्यानाची कहाणी ही एका माणसाच्या चिकाटीची कहाणी आहे. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ या काळात मेनचे गव्हर्नर होते. कटाडिन पर्वत व भोवतालचे जंगल राज्याने विकत घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. परंतु विधिमंडळाने तो मानला नाही. येथील जंगलांवर तेव्हा लाकूड व कागद कंपन्यांची मालकी होती. पद सोडल्यानंतर बॅक्स्टर यांनी १९३० साली पर्वताच्या बहुतांश भागासह ५,९६० एकर जमीन ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीकडून स्वतःच्या पैशाने घेतली आणि पुढच्याच वर्षी ती मेनच्या जनतेला देऊन टाकली. तेवढ्यावर न थांबता १९६२ पर्यंत ते तुकड्या-तुकड्याने जमीन घेत आणि देत राहिले. अशा रीतीने त्यांनी दिलेली जमीन दोन लाख एकरांवर गेली. प्रत्येक दानपत्रात ही जमीन कायम नैसर्गिक वन्य अवस्थेत राखण्याची अट त्यांनी घातली. (वायव्येकडील काही भाग मात्र शास्त्रशुद्ध वनव्यवस्थापनासाठी मोकळा ठेवला असून तेथे मर्यादित वृक्षतोड चालते.) देखभालीसाठी त्यांनी निधीही मागे ठेवला. त्याचे उत्पन्न, लाकूडविक्री आणि पर्यटकांचे शुल्क यांवर उद्यान चालते. राज्याच्या करांकडे त्याला पाहावे लागत नाही. कारभार राज्याचा ॲटर्नी जनरल, वनखात्याचा संचालक आणि मत्स्य व वन्यजीव खात्याचा आयुक्त अशा तिघांच्या मंडळाकडे आहे. एखादे अरण्य सरकारच्या बदलत्या मर्जीपासून कसे वाचवावे, याचा इतका विचारपूर्वक घालून दिलेला नमुना क्वचितच आढळतो. १९६९ मध्ये बॅक्स्टर यांचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा याच उद्यानात विखुरण्यात आली.

उद्यानाचा मानबिंदू म्हणजे कटाडिन पर्वत. पेनॉबस्कॉट या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘सर्वांत थोर पर्वत’ असा आहे, आणि माथ्यावर पमोला या शक्तीचा वास असल्याची त्यांची श्रद्धा आहे. बॅक्स्टर शिखर हा त्याचा सर्वोच्च बिंदू सुमारे १,६०६ मी. उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडा ठेंगणाच आहे. तथापि उंचीच्या या साम्यावरून चढाईचा अंदाज बांधल्यास फसगत होईल. हा पर्वत सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने माथ्याच्या बऱ्याच खाली झाडे संपतात आणि पुढची चाल उघड्या ग्रॅनाइटवरून, बोचऱ्या वाऱ्यात करावी लागते. अमेरिकन निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४६ साली येथे आले असता ढगांमुळे त्यांना शिखर गाठता आले नव्हते.

शिखरावर जाणाऱ्या वाटांपैकी हंट ट्रेल ही सर्वांत परिचित आहे. ती ओढ्याकाठच्या गर्द झाडीतून निघते, मग झाडे खुजी होत जातात आणि एकाएकी मोठमोठ्या शिळांची उभी धार समोर येते. तेथे काठी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी चढावे लागते आणि काही ठिकाणी खडकात ठोकलेल्या लोखंडी सळ्यांचा आधार घ्यावा लागतो. धार संपली की सपाट, खडकाळ पठार लागते. पूर्वेकडील ‘नाइफ एज’ ही पमोला व बॅक्स्टर या शिखरांना जोडणारी दीडएक किलोमीटरची धार तर काही जागी जेमतेम एक-दोन हात रुंद असून दोन्ही अंगांना खोल उतार आहेत. पावसात किंवा वादळी वाऱ्यात तिच्यावर पाऊल ठेवू नये.

मुक्कामासाठी दहा तळ असून त्यांपैकी चिम्नी पाँड व रसेल पाँड येथे केवळ पायीच जाता येते. तंबूच्या जागा, समोरून उघडे आणि तीन बाजूंनी बंद असलेले लाकडी आडोसे, एकत्र झोपण्याची घरे आणि काही ठिकाणी साध्या खोल्या अशी व्यवस्था आहे. शिधा, अंथरूण, चूल आणि दिवा ज्याचा त्याने आणायचा. झऱ्याचे पाणी उकळून किंवा गाळून शुद्ध करून प्यायचे. कचरा परत न्यायचा. पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही. जागा आगाऊ राखून ठेवावी लागते, आणि कटाडिनच्या पायथ्याच्या वाहनतळांवर गाड्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे एका दिवशी डोंगरावर किती माणसे जातील यालाही आपोआप आळा बसतो.

शिखर न चढताही येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रोअरिंग ब्रूकच्या तळापासून थोड्याच अंतरावर असलेल्या सँडी स्ट्रीम पाँडच्या काठी पहाटे शांत बसले तर पोटापर्यंत पाण्यात उभे राहून तळातील वनस्पती खाणारे मूस हरीण दिसण्याची बरीच शक्यता असते. काळे अस्वलही या जंगलात आहे, म्हणून खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत. कटाडिनच्या पठारावर एका ध्रुवप्रदेशीय फुलपाखराची उपजात आढळते. ती जगात अन्यत्र कोठेही नाही.

जॉर्जिया राज्यातून निघणारी सुमारे ३,५०० किमी. लांबीची ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट बॅक्स्टर शिखरावरील लाकडी फलकापाशी संपते. महिनोन् महिने चालत आलेल्या वाटसरूंना ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी येथे पोहोचण्याची घाई असते, कारण त्या सुमारास तळ बंद होतात आणि माथ्यावर बर्फ धरू लागते.