दोन टक्क्यांतला शास्त्रज्ञ आणि नदीची सरासरी

दरवर्षी बातमी येते, ‘आमचे प्राध्यापक जगातील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’, आणि लगोलग फ्लेक्स लागतात. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस व त्यांचे सहकारी ‘स्कोपस’च्या माहितीवरून तयार करतात. हा पुरस्कार नाही. एखाद्याच्या शोधनिबंधांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, म्हणजे सायटेशन किती, याचा तो हिशेब आहे. त्यात सहा आकडे मिसळलेले असतात आणि त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे एच-इंडेक्स.

२००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो मांडला. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा, पाच निबंधांना १०, ८, ५, ४, ३ सायटेशन आहेत. चार निबंधांना प्रत्येकी किमान चार मिळाली, म्हणून एच ४. पहिल्या निबंधाची १० वरून १० हजार झाली तरी एच ४च. नदीत किती पाणी वाहील याची गणिती मॉडेल्स करणाऱ्यांच्या क्षेत्रात याचे ठळक उदाहरण आहे. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० साली नदीच्या प्रवाहाच्या अंदाजावर नऊ पानांचा निबंध लिहिला. हजारो संशोधकांनी त्याचा संदर्भ दिला आहे. एचमध्ये त्याची भर फार तर एकाची.

मॉडेलचा अंदाज कितपत चांगला हे तपासणारी या निबंधातली कसोटी मला फार आवडते, म्हणून जरा थांबून पाहू. नदीत चार दिवस मोजलेला विसर्ग १०, २०, ९०, ४० घनमीटर प्रति सेकंद. सरासरी ४०. मॉडेलने सांगितले १५, २५, ७०, ४०. मॉडेलच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली, ती ४५०. काहीच अक्कल न लावता रोज ‘४०’ म्हणणाऱ्याच्या चुकांच्या वर्गांची बेरीज ३८००. ४५० भागिले ३८०० एकातून वजा केले की ०.८८. उत्तर १ आले तर मॉडेल अचूक, शून्य आले तर ते सरासरीइतकेच, आणि उणे आले तर मॉडेल फेकून सरासरीच वापरावी. ४५० पैकी ४०० एकट्या पुराच्या दिवसाचे आहेत, म्हणजे वर्ग केल्यामुळे ही कसोटी पुराकडे झुकते. दुसरी मेख आपल्याकडची. सह्याद्रीतली नदी जुलैत दुथडी आणि एप्रिलमध्ये कोरडी. तिथे वर्षाची सरासरी हा इतका दुबळा प्रतिस्पर्धी आहे, की फक्त ऋतू ओळखणाऱ्या मॉडेललाही चांगले गुण मिळतात.

एच-इंडेक्सला असा प्रतिस्पर्धीच नाही. तो वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. तीस वर्षे लिहिणारा आणि पाच वर्षे लिहिणारा एकाच पट्टीने मोजले जातात. भूजलावर काम करणाऱ्याचा आकडा हवामानबदलावर लिहिणाऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवला तर त्यातून काहीच कळत नाही. तुलना करायचीच तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या निबंधांच्या सरासरीशी करावी. विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याचा दावाही इथेच कोसळतो. पाणी लागलेल्या विहिरी तो मोजतो, पण डोळे मिटून कुठेही खणले असते तर किती ठिकाणी लागले असते, हे तो विचारत नाही.

काही कामे तर सायटेशनच्या जाळ्यात सापडतच नाहीत. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात कर्व्ह नंबर पद्धत काढली. माती, पीक आणि ओलावा पाहून पावसातले किती पाणी वाहून जाईल, हे ती सांगते. ती आली खात्याच्या हस्तपुस्तिकेतून. भारतातही पाणलोटाची कामे आखणारे अभियंते ती वापरतात आणि आराखड्यात संदर्भसूची जोडत नाहीत. जेफ आर्नल्ड आणि सहकाऱ्यांच्या ‘स्वॅट’ या नदीखोऱ्यातल्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या मॉडेलवरचा १९९८ चा निबंध प्रचंड सायटेशन मिळवतो. त्या मॉडेलच्या आत रोजचे वाहते पाणी काढायला हीच कर्व्ह नंबर पद्धत बसवलेली आहे.