ताट, थाट आणि इंग्रजीचा 'टी'

इंदूरच्या मराठी घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: पोराला इंग्लिश मीडियमला घातलंय ना, मग घरी मराठी बंद करा, नाहीतर उच्चार बिघडतील. सल्ला देणाऱ्यांत शिक्षकही असतात. मग आजी नातवाला 'वॉटर पी रे' म्हणू लागते. उच्चारांचं शास्त्र मात्र जवळजवळ उलटं सांगतं.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. एकच ध्वनी वाजत राहायचा. तो बदलल्यावर बाळाने मान वळवली, की खोक्यातलं खेळणं उजळून हलायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. त्यांचे कान अधू झाले नव्हते. घरच्या भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, त्याकडे काणाडोळा करायला मेंदू शिकला होता.

आता माझा लाडका भाग. ओठांसमोर वर्तमानपत्राची पट्टी धरून 'ताट' आणि 'थाट' म्हणा. 'थ'ला पट्टी फडफडते. जीभ दोन्ही वेळा दातांमागे एकाच जागी टेकते, फरक वेळेचा आहे. जीभ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत 'त'मध्ये जेमतेम १०-२० मिलिसेकंद जातात. 'थ'मध्ये त्याच्या कितीतरी पट, आणि तेवढा वेळ नुसती हवा. 'द'मध्ये तंतू जीभ सुटण्याआधीच कंपतात. 'ध'मध्ये आधी कंप, वर हवाही. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांत हे अंतर मोजलं, त्यांत मराठीही होती.

इंग्रजीचं भागतं दोनांवर: टी आणि डी. तिथला 'टॉप' हवा सोडत येतो, म्हणजे आपल्या 'ठॉप'च्या जवळ. 'स्टॉप'मधला टी मात्र कोरडा. इंग्रज माणूस हा फरक बोलताना बिनचूक करतो, पण त्याच्या तो ध्यानातही येत नाही. आपल्या पोराला मात्र 'टोक' आणि 'ठोक' वेगळे आहेत हे शाळेत जायच्या आधीच पक्कं ठाऊक असतं. आपण कोरडा 'प' लावून 'पिन' म्हटलं, तर लंडनकराला 'बिन' ऐकू येऊ शकतं. त्यावर उपाय म्हणजे हवेचा झोत योग्य जागी सोडणं, आणि झोत तर घरच्या मराठीने आधीच दिलाय. वर्गात तीच कागदाची पट्टी वापरून 'पिन' आणि 'स्पिन' करून घेता येतं, समजावणं खुशाल मराठी-हिंदीत.

'बाळाला मोबाइलवर इंग्रजी गाणी लावा, आपोआप शिकेल' हाही एक नवा गंडा-दोराच. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्यांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला; तेच चित्रफितीवर पाहणाऱ्यांच्या पदरी काही पडलं नाही.

पहिल्या भाषेची सवय आड येते, ती वेगळ्या जागी. इंदूरच्या बाजारात 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' सर्रास ऐकू येतात: सुरुवातीच्या 'स'च्या जोडाक्षराआधी जीभ एक 'इ' टेकू म्हणून घेते. 'स्पर्श', 'स्नान' घरात ऐकणाऱ्या मुलाला तो टेकू सहसा लागत नाही.