भिंतींवरचं घर आणि कॉलमवरचं घर

जुनं घर घ्यायचं, आतून पार मोकळं करायचं आणि नवं करून विकायचं, असा बेत असेल तर भाव विचारण्याआधी एक ओळखता यायला हवं: घर भिंतींवर उभं आहे की कॉलमवर? प्लास्टर-रंग चढला की दोन्ही सारखीच दिसतात. एजंट दोन्हीला ‘स्लॅबचं पक्कं घर’ म्हणतो, आणि ते खोटंही नसतं.

लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच्या, घरात स्लॅबचं ओझं भिंतच पायात उतरवते. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, फ्रेममध्ये ते बीमवरून कॉलमवर जातं, मधल्या विटा नुसत्या आडोशाला. म्हणून फ्रेमच्या घरात दोन खोल्यांचा हॉल सहज होतो. लोड-बेअरिंगमध्ये त्याच भिंतीला घण लावायचा तर आधी स्लॅबला टेकू, मग वर लोखंडी गर्डर, आणि त्याच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. गवंडी ‘काही होत नाही हो’ म्हणाला तरी.

ओळखायचं कसं? दाराच्या चौकटीपाशी टेप लावून भिंतीची जाडी मोजा. आतल्या सगळ्या भिंती नऊ इंची, छताखाली बीम नाही, कोपऱ्यात कॉलम नाही, तर घर भिंतींवरच आहे असं धरा. साडेचार इंची पडदी बहुधा आडोशाचीच, पण खात्री इंजिनिअरकडूनच. गच्चीवर सळ्या वर आलेल्या दिसल्या तर खाली बहुधा कॉलम असतो.

खरी गल्लत तड्यांत होते. इथली, सोलापूरची, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी तिरका, पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेला तडा असेल तर बहुतेक पाया हललाय. लोड-बेअरिंग घरात याचा खर्च कितीवर जाईल, आधी सांगता येत नाही. उलट कॉलम आणि विटांच्या सांध्यावरची उभी बारीक भेग बघून घाबरू नका. काँक्रीट आणि वीट सोलापूरच्या उन्हात सारखी तापत-फुगत नाहीत, एवढंच. जाळी ठोकून प्लास्टर केलं की भागतं. पण भेग कॉलमच्या अंगावरच असेल आणि तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजून फुगलीय. मी तरी तिथे भाव पाडत बसणार नाही, सरळ उठून येईन.

पेठांमधली दगड-मातीच्या भिंतींची, माळवदाची (लाकडावर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताची) घरं वेगळीच. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. तिथे पैसे जागेचे मोजा, बांधकामाचे नकोत.

सोलापूरच्या पूर्व भागात आणखी एक चकवा. कापडाचे माग काढून टाकलेला खालचा मजला सलग मोकळा दिसतो, म्हणून कॉलमचाच वाटतो. वर बघा: बाहेरच्या दोन भिंतींवर गर्डर टेकलेला असेल, तर त्या दोन भिंतीच सगळं पेलतायत. त्यात शटरसाठी मोठं तोंड फोडायचा विचार असेल तर हिशोब बदलला.

आणि मिश्र घरं तर असतातच: मागचा भाग वडिलांच्या काळातला भिंतींवरचा, पुढचा मुलाने कॉलम घेऊन वाढवलेला. दोन्हींचा सांधा फरशीवर नाहीतर गच्चीवर सरळ भेगेने दिसतो. खडूने तिथे रेघ मारा, आणि इंजिनिअर येईपर्यंत तिच्या मागच्या एकाही भिंतीला हात लावू देऊ नका.